गुपित न सांगता पटणारी ओळख

पासकीने खाते उघडताना माणसाला दिसते ते फार थोडे. पडद्यावर खालून एक चौकट वर येते, तिच्यात आपले नाव असते, आपण बोट टेकवतो आणि खाते उघडते. पासवर्ड टाइप करावा लागत नाही, ओटीपीची वाट पाहावी लागत नाही. सोय झाली, एवढेच जाणवते. पण त्या एका सेकंदामागे गेल्या पन्नास वर्षांतल्या गणिताची एक विलक्षण कल्पना उभी आहे. आपले गुपित कोणालाही न सांगता, अगदी ज्याच्या दारात आपण उभे आहोत त्यालाही न सांगता, आपण आपणच आहोत हे सिद्ध करता येते. आणि समोरच्याला जे ठाऊकच नाही, ते त्याच्याकडून चोरीला जाऊ शकत नाही.

या कल्पनेचे मोल कळायला आधी पासवर्डची जन्मकथा पाहावी लागते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने सीटीएसएस नावाची यंत्रणा उभारली. एकच महागडा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, पण प्रत्येकाच्या फाइली मात्र वेगळ्या राहायला हव्यात. त्यासाठी प्रत्येकाला एक गुप्त शब्द देण्यात आला. हा उपाय किती कच्चा आहे हे लगेच दिसले. १९६२मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात, तेव्हा त्याने पंच कार्डावरून विनंती देऊन पासवर्डची अख्खी फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावरचा वेळ वापरला. पुढे १९६६मध्ये एका चुकीने दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. आज मोठमोठ्या कंपन्यांकडून पासवर्ड फुटल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यांची पहिली आवृत्ती इतकी जुनी आहे.

दुखणे मुळातच आहे. पासवर्ड हे दोघांना ठाऊक असलेले गुपित असते. आपण ते डोक्यात ठेवतो आणि संगणकाला पडताळणीसाठी ते, किंवा त्याची काही खूण, आपल्याकडे ठेवावी लागते. बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यावर तोड सांगितली. मूळ पासवर्ड साठवायचाच नाही. त्यात थोडी यादृच्छिक भर घालून, उलट फिरवता येणार नाही अशा सूत्रातून तो काढायचा आणि फक्त ते उत्तर ठेवायचे. याच निबंधात माणसाच्या स्वभावाचे एक टिपण आहे. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी १५ एकाच अक्षराचे होते, ७२ दोन अक्षरांचे होते आणि एकूण ८६ टक्के सहज शोधून काढता येण्याजोगे निघाले. त्यानंतर तीस वर्षांनी, २००९मध्ये, रॉकयू या कंपनीचा साठा फुटला, तेव्हा तब्बल ३.२ कोटी पासवर्ड जसेच्या तसे, उघड्या अक्षरांत ठेवलेले सापडले. मॉरिस आणि थॉम्प्सन यांचा उपाय सर्वांना ठाऊक होता, तरी तो वापरलेला नव्हता. आपले गुपित दुसऱ्याच्या निष्काळजीपणावर अवलंबून असणे हा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते. वापरणाऱ्याने कितीही लांबलचक पासवर्ड योजला, तरी तो पलीकडे कसा ठेवला जातो यावर त्याचा काडीचाही ताबा नसतो.

भारतात आपण या दुखण्यावर ओटीपीचे औषध घेतले. कार्ड समोर नसताना होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांसाठी ओळख पटवण्याचा एक जादा टप्पा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९पासून बंधनकारक केला आणि काही वर्षांत त्याचे रूप एसएमएसवर येणाऱ्या सहा आकड्यांत स्थिरावले. त्याने खूप फसवणूक रोखली, हे कबूल करायलाच हवे. नुसता कार्डाचा नंबर चोरून काही साधेना. पण ओटीपीही शेवटी सांगता येणारे गुपित आहे. जे सांगता येते ते काढूनही घेता येते. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्या माणसाला घाबरून आकडे सांगणारे आजीआजोबा अडाणी नसतात. त्यांच्या हाती दिलेले साधनच असे आहे की एका घाबरलेल्या क्षणी ते परक्याला देऊन टाकता येते. शिवाय आपल्या क्रमांकाचे नवे सिम चोराने काढून घेतले की ओटीपी तिकडे जातो. बराच काळ बंद राहिलेला क्रमांक कंपनी पुढे दुसऱ्या ग्राहकाला देते. न्यू जर्सीत किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर या एसएमएससाठी इथले सिम वर्षानुवर्षे रिचार्ज करत जिवंत ठेवावे लागते.

यातून सुटण्याची वाटही बरीच जुनी आहे. १९७६मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दोन किल्ल्यांची कल्पना जगासमोर मांडली आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शामिर आणि ॲडलमन या त्रयीने ती आरएसए पद्धतीच्या रूपाने प्रत्यक्षात आणली. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्त संस्थेत जेम्स एलिस आणि क्लिफर्ड कॉक्स काही वर्षे आधीच तिथवर पोहोचले होते, पण ते जगाला कळायला १९९७ उजाडले. कल्पना अशी: संगणक एक अजस्र संख्या निवडतो, ती खासगी किल्ली. तिच्यापासून दुसरी संख्या काढतो, ती सार्वजनिक किल्ली. पहिलीवरून दुसरी काढणे क्षणाचे काम, दुसरीवरून पहिली काढणे आजच्या कोणत्याही संगणकाला अशक्यप्राय. खासगी किल्लीने एखाद्या मजकुरावर सही करता येते आणि सार्वजनिक किल्ली ज्याच्याकडे आहे तो ती सही खरी की खोटी हे तपासू शकतो, मात्र स्वतः तशी सही करू शकत नाही. १९८५मध्ये नील कॉब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हेच काम लंबवर्तुळी वक्रांच्या गणिताने करून दाखवले आणि किल्ल्या आटोपशीर झाल्या. आजच्या बहुतेक पासकींची खासगी किल्ली २५६ बिटांची असते. ती दशमान पद्धतीत लिहायची तर ७८ आकड्यांपर्यंत जाते. एवढ्या शक्यता एकेक करून तपासायला विश्वाचे वय पुरणार नाही.

आता तो एक सेकंद जवळून पाहू. आपण ‘साइन इन’ दाबतो, तेव्हा सर्व्हर एक यादृच्छिक आव्हान पाठवतो. ते निदान सोळा बाइटांचे असावे असा दंडक आहे आणि ते दर वेळी नवे असते. ब्राउझर त्या आव्हानाशेजारी आपण नेमक्या कोणत्या संकेतस्थळावर आहोत ते नाव लिहितो. हे नाव ब्राउझर स्वतः पाहून घालतो. पानावर काय लिहिले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. मग काम फोनमधल्या राखीव चिपकडे किंवा सुरक्षित कप्प्याकडे जाते. बोट जुळले की किल्ली वापरायची परवानगी मिळते. तिथे ३७ बाइटांची एक छोटी नोंद तयार होते. पहिल्या ३२ बाइटांत संकेतस्थळाच्या नावाचा गणिती ठसा, पुढच्या एका बाइटात आठ खुणा, शेवटच्या चारांत एक मोजणी. त्या आठ खुणांपैकी एक सांगते की समोर कोणीतरी माणूस हजर होता. दुसरी सांगते की त्याची ओळख बोटाने, चेहऱ्याने किंवा पिनने पडताळली गेली. आणखी एक सांगते की या किल्लीची प्रत दुसरीकडे जपून ठेवलेली आहे की नाही. ही नोंद आणि आव्हानाचा ठसा एकत्र करून त्यावर खासगी किल्लीने सही होते. सर्व्हरकडे परत जाते ती ही सही. किल्ली जागची हलत नाही.

पेशवे दफ्तरातली पत्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना शेवटचे मोर्तब आठवेल. मजकूर संपला तिथेच ते उमटवले जाई, म्हणजे नंतर कोणाला एक ओळही वाढवता येऊ नये. पासकीची सही तेच काम बिटांच्या पातळीवर करते. आव्हानातला एक बिट बदलला, संकेतस्थळाच्या नावातले एक अक्षर बदलले, तरी सही जुळत नाही. आणि आव्हान दर वेळी नवे असल्याने आजची सही कोणी टिपून ठेवली तरी उद्या तिचा उपयोग शून्य.

माझ्या मते पासकीचा सर्वांत मोठा गुण नावाच्या या बांधिलकीत आहे. फसवे संकेतस्थळ माणसाच्या डोळ्यांना फसवते. एखादे अक्षर बदललेले, कधी इंग्रजी अक्षरासारखेच दिसणारे रशियन अक्षर बसवलेले. घाईत, लहान पडद्यावर, चष्मा न लावता ते ओळखणे कोणालाही कठीण. पासकी मात्र पानाकडे पाहतच नाही. या नावासाठी माझ्याकडे किल्ली नाही, एवढेच तिला कळते, आणि ती उघडत नाही. माणूस पुरता फसला तरी त्याची किल्ली फसत नाही.

याची परीक्षा प्रत्यक्षात झालेली आहे. २० जुलै २०२२ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांच्या फोनवर मिनिटभराच्या आत संदेश येऊन धडकले. त्यातला दुवा कंपनीच्या लॉगिन पानासारख्याच दिसणाऱ्या पानावर नेत होता आणि त्या पानाचे नाव जेमतेम चाळीस मिनिटांपूर्वी नोंदवलेले होते. टाइप केलेला पासवर्ड आणि कोड तत्क्षणी हल्लेखोराकडे जावा, त्याने तो मुदत संपण्याआधी खऱ्या ठिकाणी वापरावा, अशी सगळी तयारी होती. तीन कर्मचारी फसले, त्यांनी पासवर्ड टाइपही केला. ही माणसे सुरक्षेच्याच धंद्यातली होती, हे लक्षात घ्यावे. तरी हल्ला तिथेच अडला, कारण कंपनीत प्रत्येकाकडे पेनड्राइव्हसारखी दिसणारी, याच तत्त्वावर चालणारी सिक्युरिटी की होती आणि ती खोट्या नावाला सही देईना. त्याच सुमारास अशाच हल्ल्यात ट्विलिओ या दुसऱ्या कंपनीत मात्र चोरांना शिरकाव मिळाला. गूगलने २०१७च्या सुरुवातीला आपल्या ८५ हजारांवर कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या. त्यानंतर कामाचे एकही खाते अशा फसवणुकीने गेल्याचे आढळलेले नाही, असे कंपनीने २०१८मध्ये सांगितले.

ही किल्ली सामान्य माणसाच्या हाती यायला दहा वर्षे लागली. २०१२मध्ये काही कंपन्यांनी मिळून फिडो अलायन्स स्थापन केली, २०१४च्या डिसेंबरात तिचे पहिले मानक आले आणि ४ मार्च २०१९ रोजी वेबऑथन हे वेबचे अधिकृत मानक ठरले. त्याच वर्षी जुलैत कॉर्बातो वारले. पासवर्डचा जनक मानल्या गेलेल्या या माणसाने २०१४च्या एका मुलाखतीत पासवर्ड हे दुःस्वप्न होऊन बसले आहे असे म्हटले होते. पण मानक तयार होऊनही एक अडचण उरली होती. किल्ली एकाच यंत्रात कोंडलेली, म्हणजे फोन हरवला की किल्लीही गेली. ५ मे २०२२ रोजी ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तीन प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन जाहीर केले की ही किल्ली आता एकाच मालकाच्या अनेक यंत्रांवर, कुलूपबंद स्वरूपात, आपोआप पोहोचेल. पासकी ती हीच. त्या वर्षीच्या सप्टेंबरात आयफोनवर, वर्षअखेरीस अँड्रॉइड आणि क्रोमवर ती आली, मे २०२३मध्ये गूगलच्या वैयक्तिक खात्यांना मिळाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात व्हॉट्सॲपने अँड्रॉइडवर ती सुरू केली.

किल्लीच्या प्रती कंपनीच्या सर्व्हरवरून जातात म्हटल्यावर शंका येणे रास्त आहे. त्या प्रती अशा कुलपात जातात की ते कुलूप कंपनीलाही उघडता येत नाही. ॲपलने आपली पद्धत जाहीर केलेली आहे. सगळी यंत्रे हरवल्यावर किल्ल्या परत मिळवायच्या तर जुन्या फोनचा पासकोड द्यावा लागतो, आणि तो दहा वेळा चुकला तर सांभाळणारे यंत्र ती नोंद कायमची नष्ट करते.

दुसरी शंका आपल्याकडे जास्त ऐकू येते: बोट लावले म्हणजे बोटाचा ठसा गूगलकडे गेला का? ही शंका येण्याचे कारण सरळ आहे. आपण आधारला बोट लावतो, तेव्हा ठसा पडताळणीसाठी मध्यवर्ती साठ्याकडे जातो आणि तिथे जुळवला जातो. रेशन दुकानातल्या यंत्रावर नेट नसले की रांग थांबते ती त्याचमुळे. पासकीत बोट फक्त फोनपुरते असते. फोनने ठसा आपल्याच आत जुळवायचा आणि खासगी किल्ली वापरायची मुभा द्यायची, इतकेच. ठसा बाहेर पडत नाही. बोट घासलेले असेल, शेतात किंवा गवंडीकामात रेषा पुसल्या असतील, तर स्क्रीन लॉकचा पिन टाकूनही पासकी तितकीच चालते.

मात्र या शेवटच्या वाक्यात एक धोका दडलेला आहे आणि त्यावर थांबणे भाग आहे. फोनचा पिन ज्याला ठाऊक आहे, तो आता आपल्या खात्यांतही शिरू शकतो. आपल्या घरांत फोनचा पिन हे गुपित नसतेच. तो मुलांना ठाऊक असतो, दुरुस्तीच्या दुकानात आपण तो तोंडी सांगतो, लोकलच्या गर्दीत खांद्यावरून कोणीही पाहू शकतो. पासवर्डच्या काळात हे काहीसे चालून जात होते. पासकी आली की चार आकड्यांच्या त्या पिनचे वजन एकदम वाढते. तो सहा आकडी करावा, जन्मतारखेचा नसावा, आणि दुरुस्तीला फोन देताना पिन सांगायची वेळ आलीच तर परत आल्यावर लगेच बदलावा. पिन पाहून फोन हिसकावण्याचे प्रकार वाढल्यावर ॲपलने जानेवारी २०२४मध्ये एक सोय दिली. ती चालू केली की घर-ऑफिससारख्या नेहमीच्या जागांपासून दूर असताना साठवलेले पासवर्ड आणि पासकी चेहऱ्याशिवाय किंवा बोटाशिवाय उघडत नाहीत, नुसता पिन चालत नाही.

पिननंतर खात्याच्या सेटिंगकडे वळू. गूगल खात्यात ‘सुरक्षा’ विभागात साइन-इनच्या पद्धतींची यादी असते. ती बहुतेकांनी कधीच उघडलेली नसते. तिथे पासकी, पासवर्ड, टू-स्टेप, ऑथेंटिकेटर ॲप, बॅकअप कोड, रिकव्हरीचा फोन आणि रिकव्हरीचा ईमेल असे सगळे दरवाजे एकाखाली एक दिसतात. खात्याची खरी ताकद या यादीतल्या सर्वांत कमजोर ओळीइतकीच. आपण पासकी लावली आणि रिकव्हरीला दहा वर्षांपूर्वीचा, आता दुसऱ्याच कोणाच्या हाती गेलेला क्रमांक तसाच राहिला, तर चोर पासकीच्या वाटेला जाणारच नाही. तो ‘पासवर्ड विसरलो’ दाबेल. कॉलेजने दिलेला आणि पदवीनंतर बंद झालेला ईमेल, जुन्या नोकरीतला ऑफिसचा पत्ता, लग्नाआधीचे सिम ही रिकव्हरीच्या रकान्यांतली नेहमीची मंडळी. सुरुवात तिथून करावी. पासकीचा क्रमांक त्यानंतर.

पासकींच्या यादीत प्रत्येकीपुढे ती कुठे बनली आणि शेवटची कधी वापरली गेली हे लिहिलेले असते. विकून टाकलेल्या फोनचे नाव तिथे दिसले की ती ओळ काढावी. इथे एक बारकावा अनेकांना चकवतो. पासकीचे दोन अर्धे दोन ठिकाणी असतात: सार्वजनिक किल्ली खात्याकडे, खासगी किल्ली आपल्या फोनमध्ये किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये. खात्यातली ओळ काढली की ती पासकी त्या खात्यासाठी निकामी होते, पण फोन ती पुढेही दाखवत राहू शकतो आणि वापरायला गेले की नकार मिळतो. उलट, फोनमधली पासकी पुसली तर खात्यातली ओळ तशीच दिसत राहते आणि माणूस निर्धास्त राहतो की आपल्याकडे पासकी आहे. ती नसते. म्हणून फोनमधून पुसण्याआधी दुसरा मार्ग चालतो का, हे प्रत्यक्ष साइन-इन करून पाहावे. साफसफाईच्या उत्साहात स्वतःलाच बाहेर कोंडून घेणारे थोडे नसतात.

दुसऱ्याच्या संगणकावर पासकी कधीही बनवू नये. नेट कॅफे, सेतू केंद्र, ऑफिसचा सामायिक पीसी, कुठेही नाही. तिथे बनवली तर किल्ली तिथेच राहते आणि तो संगणक उघडणाऱ्या प्रत्येकाला ती वापरता येते. अशा ठिकाणी पडद्यावर क्यूआर कोड मागवायचा आणि तो आपल्या फोनने स्कॅन करायचा. या पद्धतीत एक सुंदर खबरदारी आहे. फोन आणि संगणक जवळजवळ आहेत याची खात्री ब्लूटूथवरून केली जाते. त्यामुळे शेकडो मैलांवरच्या भामट्याने व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवून ‘हा स्कॅन करा’ म्हटले, तरी त्याच्या संगणकावर आपले खाते उघडत नाही. ब्लूटूथच्या लहरी तेवढ्या लांब जात नाहीत.

एका पासकीवर विसंबून राहू नये. फोन आणि लॅपटॉप, किंवा फोन आणि एक सिक्युरिटी की, अशी जोडी असावी. सिक्युरिटी की घेतली तर दोन घ्याव्यात, कारण त्यांची प्रत निघत नाही: एक किल्ल्यांच्या जुडग्यात, दुसरी कपाटात. जागेची मर्यादाही असते. युबिकी या सिक्युरिटी कीच्या पाचव्या मालिकेत आधी २५ पासकी मावत, नव्या फर्मवेअरमध्ये १०० मावतात. गूगलचे बॅकअप कोड दहा मिळतात, प्रत्येकी आठ आकडी, एकदा वापरला की संपला. नवा संच काढला की जुना सगळा बाद होतो. ते कागदावर लिहून घरात ठेवणे यात मला काहीच मागासलेपण वाटत नाही. आपल्या कपाटातल्या कागदापर्यंत जगाच्या दुसऱ्या टोकाचा चोर पोहोचू शकत नाही. फोनच्या गॅलरीत त्यांचा फोटो काढून ठेवणे मात्र व्यर्थ, कारण ज्या दिवशी ते लागतील त्या दिवशी फोनच हातात नसेल.

आयफोन सोडून अँड्रॉइड घेताना किंवा उलट जाताना पासकी आपसूक सोबत येत नाहीत, ही आजवरची मोठी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. माझी किल्ली असेल तर ती मला हव्या त्या घरात नेता आली पाहिजे. आता दोन्हीकडे बिटवॉर्डन, वनपासवर्डसारख्या तिसऱ्याच कंपनीच्या पासवर्ड मॅनेजर ॲपमध्ये पासकी ठेवता येतात, म्हणजे फोन बदलला तरी ॲप तेच राहते. ऑक्टोबर २०२४मध्ये फिडोने एका मॅनेजरमधून दुसऱ्यात सुरक्षित स्थलांतर करण्याच्या मानकाचा मसुदा काढला आणि २०२५च्या आयओएस २६मध्ये तशी देवाणघेवाण सुरू झाली. सर्वत्र ती रुळेपर्यंत खात्री एकच: नवा फोन आला की जुना हाती असतानाच प्रत्येक महत्त्वाच्या खात्यात नवी पासकी बनवून घ्यावी आणि मगच जुना फोन पुसावा.

बँकांकडे हे वारे उशिरा आले, पण आले. सप्टेंबर २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल व्यवहारांतल्या ओळख पडताळणीसाठी नवे निर्देश काढले आणि त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. दोन घटकांची अट कायम आहे, एसएमएसचा ओटीपी बंद झालेला नाही, पण त्याच्या जोडीला इतर पद्धतींना मोकळी वाट मिळाली आहे. आजींच्या हातून ओटीपी काढून घेणाऱ्या त्या फोनला यातूनच उत्तर मिळू शकते, असे मला वाटते. फोनवर सांगण्याजोगे काही हाती उरलेच नाही, तर काढून घेणार काय?

एका प्रश्नाकडे मात्र घराघरांत अजून लक्ष गेलेले नाही. माणूस गेल्यावर काय? डायरीच्या शेवटच्या पानावर पासवर्ड लिहून ठेवणाऱ्या पिढीने मागच्यांची सोय नकळत करून ठेवली होती. पासकी डायरीत लिहिता येत नाही आणि बोट माणसाबरोबर जाते. गूगलने यासाठी २०१३पासून ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ ठेवला आहे. खाते किती महिने निष्क्रिय राहिले की कोणाला कळवायचे आणि त्यांना काय काय द्यायचे, हे आपण आधीच ठरवून ठेवू शकतो. मुदत तीन महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंत आणि व्यक्ती दहापर्यंत नेमता येतात. ॲपलने डिसेंबर २०२१मध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आणला. नेमलेल्या व्यक्तीला तेव्हाच एक प्रवेश-किल्ली मिळते आणि पुढे ती व मृत्यूचा दाखला दिला की फोटो, संदेश, टिपणे उघडतात. साठवलेले पासवर्ड आणि पासकी मात्र त्यात मिळत नाहीत. म्हणून बँक, पोस्ट, म्युच्युअल फंड, डीमॅट या प्रत्येक ठिकाणचे नॉमिनेशन वेगळे भरलेले असावे लागते, आणि खाती कुठे कुठे आहेत याची नुसती यादी, कोणत्याही किल्लीशिवाय, घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक असावी लागते.